पावणेचौदा मीटर

भाचा परत गेला त्याला आज नऊ दिवस झाले, तरी माझ्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी अजून काळंनिळं आहे. तीन आठवडे रोज सकाळी साडेसहाला आम्ही दोघं बडोद्याच्या पोलो ग्राउंडवर जायचो. तो माझ्याकडे पाठ करायचा, पाय फाकवून वाकायचा आणि दोन पायांमधून तो लांबट, दोन्ही टोकांना निमुळता चेंडू मागे सोडायचा. मी झेलायचे. पहिल्या दिवशी अंतर मोजायला त्याला टेप हवी होती. १५ यार्ड. मी म्हटलं, टेप कशाला, पावलांनी मोजते. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ मीटर लांब असतं, ते माझ्या पायांत बसलेलं आहे. त्याच्यापुढे आणखी पाऊण मीटर, म्हणजे एक लांब ढांग. नंतर त्यानं फोनवर मोजून पाहिलं. वीतभराचा फरक निघाला.

हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. जन्म ओहायोतला, पण घरात मराठी, त्यामुळे "मावशी, तू उभी राहा, मी टाकतो" इतपत सहज बोलतो. कॉलेजात चार वर्षं अमेरिकन फुटबॉल खेळला, तोही डिव्हिजन टू म्हणजे दुसऱ्या फळीतल्या एका लहान कॉलेजकडून. मागच्या मे महिन्यात पदवी हातात पडली. व्यावसायिक फुटबॉलमध्ये जागा मिळवायची धडपड त्याच्याही आधीपासून चालू आहे.

तो आला होता माझ्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाला. दांडिया बाजारातले, रावपुऱ्यातले, पुण्याचे, इंदूरचे सगळे नातेवाईक जमले होते आणि प्रत्येकानं त्याला एकच विचारलं, "मग सध्या काय करतोस?" तो सांगायचा, "सध्या फ्री एजंट आहे." म्हणजे कुठल्याच संघाशी करार नसलेला खेळाडू. एका काकांना वाटलं विम्याचा एजंट. ते आपुलकीनं पॉलिसीची चौकशी करू लागले. तो शांतपणे समजावत राहिला, मला मात्र लांबून बघताना गलबलून आलं. त्या दिवशी ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं. आपल्या माणसांना तरी कळू दे की मुलगा नक्की काय करतोय.

फुटबॉल म्हणत असले तरी हा खेळ बराचसा हातांनीच खेळतात. पण पुढे सरकता येत नाही असं दिसलं की संघ चेंडू लाथेनं लांब उडवून देतो. त्याला पंट म्हणतात. तो मारणारा खेळाडू रेषेपासून साधारण १५ यार्ड मागे उभा असतो. त्याच्या हातात चेंडू पोचवायचं काम लाँग स्नॅपरचं. डोकं खाली, जग उलटं, समोर अंगावर यायला टपलेले शंभर-सव्वाशे किलोचे गडी, आणि चेंडू पोचायला हवा पाऊण सेकंदात. गोलावर लाथ मारायची असेल तर अंतर सात-आठ यार्डांचं. तिथे एक जण गुडघ्यावर बसून चेंडू झेलतो आणि जमिनीवर उभा धरतो. चेंडूच्या एका बाजूला दोरीची शिवण असते, ती मारणाऱ्याच्या पायाकडे येऊन चालत नाही. म्हणून चांगला स्नॅपर दर वेळी चेंडूला हवेत तेवढ्याच गिरक्या देतो, म्हणजे झेलणाऱ्याच्या हातात शिवण आपोआप पुढे येते. हे त्यानं मला घरी झोपाळ्यावर बसून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सात यार्डांवर मी गुडघ्यावर बसले आणि लागोपाठ बारा वेळा शिवण माझ्या डाव्या हाताच्या बोटांना जिथल्या तिथे लागली. ही कला आहे. माझ्या हातांनी ती अनुभवली आहे.

अडचण एवढीच की एनएफएलमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वांत वरच्या व्यावसायिक लीगमध्ये, संघ ३२ आणि प्रत्येक संघाला स्नॅपर एकच पुरतो. एकदा बसला की दहा-दहा वर्षं हलत नाही. बाकी जागांचं गणितही फार वेगळं नाही. कॉलेजच्या खेळांचा कारभार बघणारी एनसीएए स्वतःच सांगते की कॉलेजचं खेळून झालेल्या शंभर मुलांपैकी ड्राफ्टमध्ये जेमतेम दीड-दोन निवडले जातात. ड्राफ्ट म्हणजे आपल्या प्रो कबड्डीच्या लिलावासारखं नाही. लिलावात जो जास्त बोली लावतो त्याचा गडी. ड्राफ्टमध्ये पाळी असते. मागच्या मोसमात सर्वांत मागे पडलेला संघ आधी निवडतो, असे सात फेरे होतात, आणि मुलानं कुठल्या गावी जायचं हे त्याच्या हातात नसतं. २०२५ चा ड्राफ्ट २४ ते २६ एप्रिलला ग्रीन बे इथे झाला. २५७ नावं पुकारली गेली. शेवटच्या रात्री बहीण, मेहुणे आणि हा, तिघं टीव्हीसमोर शेवटच्या नावापर्यंत बसून होते. याचं नाव येणार नाही हे तिघांनाही ठाऊक होतं. स्नॅपरला ड्राफ्टमध्ये कुणी क्वचितच घेतं. तरी बसले.

ड्राफ्ट संपल्यावर उरलेल्या मुलांना फोन जायला लागतात. याला फोन आला तो फक्त तीन दिवसांच्या चाचणीचा. करार नाही, पाठीवर नाव नाही, नुसता आकडा. तिथून हात हलवत परत आला. मग जुलैच्या शेवटी एका संघाच्या जुन्या स्नॅपरची पाठ धरली, त्याला सरावात विश्रांती हवी होती, म्हणून याला करार देऊन बोलावलं. सरावाच्या छावणीत ९० खेळाडू असतात. ऑगस्टअखेर त्यांतले ५३ ठेवायचे, बाकीच्यांना निरोप.

निरोप देण्याची मुदत होती २६ ऑगस्ट, तिथले दुपारचे चार. म्हणजे बडोद्यात मध्यरात्री दीड. आणि २६ ला हरतालिका, २७ ला गणपती! माझा उपास होता, बारानंतर दही खाऊन सोडायचा. शेजारच्या चार जणी माझ्याकडेच जागरणाला होत्या. फुगड्या झाल्या, पत्री निवडून झाली. मखर तयार होतं. पावणेबाराला फोन वाजला, बहिणीचा. तिनं नुसतं "ताई" म्हटलं आणि मला कळलं. तिकडे सकाळीच कुणीतरी येऊन त्याला सांगितलं होतं की कोचनी बोलावलंय, टॅबलेट बरोबर घेऊन ये. संघाचे सगळे डाव त्या टॅबलेटमध्ये असतात. तो परत मागितला की समजायचं.

नव्या खेळाडूला सोडलं की आणखी एक दिवसाची खिडकी असते. तेवढ्यात दुसऱ्या कुठल्याही संघाला त्याच्यावर हक्क सांगता येतो. ती संपणार होती चतुर्थीच्या रात्री आमच्या साडेनऊला. प्रतिष्ठापना झाली, एकवीस मोदक झाले, आरती झाली. माझं अर्धं लक्ष घड्याळात होतं. साडेनऊ वाजून गेले. दहाला त्याचाच मेसेज आला, "मावशी, नो क्लेम. मोदकाचा फोटो पाठव." मी पाठवला.

पैशांबद्दल लोक फार विचारतात, म्हणून तेही सांगते. २०२५ मध्ये ५३ जणांत पहिल्या वर्षाच्या मुलाला कमीत कमी पगार होता ८,४०,००० डॉलर, म्हणजे वर्षाला सात कोटींच्या वर. त्याच्याखाली सराव संघ असतो, त्यात १६ जण, त्या वर्षी आठवड्याला १३,००० डॉलर. आणि त्याच्याखाली काही नाही. खरा पगार मोसमाच्या पहिल्या सामन्यापासून धरतात, आणि हा पहिल्या सामन्याच्या आधीच बाहेर. लोकांना सात कोटी ऐकू येतात. मला त्याच्या खालची ती मोकळी जागा दिसते. इतक्या उंचीवरून इतकं खाली, मध्ये पायरी एकच.

त्या मोकळ्या जागेत पैसे उकळणारेही भरपूर. निवड करणारे सगळे येणार आहेत असं सांगून एका खासगी शिबिरानं त्याच्याकडून ६०० डॉलर घेतले. दिवसभर उन्हात रांगेत उभं केलं आणि बघायला आलं कोण, तर दोन कॉलेजांचे सहायक. ज्यांच्यासाठी पैसे भरले त्यांतला एकही नाही. नाव लिहीत नाही. पण बावीस-तेवीस वर्षांच्या मुलांच्या आशेवर असा धंदा करणाऱ्यांची मला मनापासून चीड येते.

सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत त्याला चार वेळा चाचणीसाठी बोलावणं आलं. मंगळवारीच, कारण त्या दिवशी संघाच्या खेळाडूंना सुट्टी असते आणि मैदान रिकामं असतं. सोमवारी रात्री विमान, सकाळी डॉक्टरांची तपासणी, मग तीन स्नॅपर ओळीनं, प्रत्येकाचे वीस-पंचवीस चेंडू, स्टॉपवॉच, "थँक यू", संध्याकाळचं विमान. बाकीचे दिवस तो जवळच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून जातो आणि शनिवारी शाळेतल्या मुलांना स्नॅप शिकवतो.

बहीण मला फोनवर म्हणाली, "ताई, सिव्हिल इंजिनिअर आहे गं तो. कापला त्यांनी त्याला. संपलं ना आता?"

कापला हा शब्द मला पटला नाही, तिकडे तोच वापरत असले तरी. मी तिला म्हटलं, तू माझे सामने बघायला यायचीस, आठवतं? मी बाद व्हायचे तेव्हा काय करायचे? रेषेबाहेर जाऊन बसायचे. आपल्या बाजूनं एक गडी मारला की आमच्यातली एक जिवंत व्हायची. आणि कोण आधी जिवंत व्हायचं, तर जी आधी बाद झाली ती. रांग असते. त्या रांगेत बसलेली पोर घरी गेलेली नसते. तिचे डोळे चढाईवर असतात, पायाचे घोटे ती फिरवत असते, कारण कुठल्याही क्षणी पंच बोटानं खूण करतो आणि आत धावायचं असतं. १९२३ साली याच बडोद्यात हिंद विजय जिमखान्यानं हुतुतूची अखिल भारतीय स्पर्धा भरवली होती. त्या गावात वाढलेल्या आपण दोघी, आपण तरी बाद आणि संपलं यांत घोळ करू नये.

ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तुझ्या रांगेत नंबर दिसायचा. याचा दिसत नाही."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ती दुखरी जागा माझ्याही ओळखीची आहे. १९८५ ते ८८ मी विद्यापीठाकडून डावा कोपरा खेळले. शेवटच्या वर्षी एका सरकारी खात्याच्या महिला संघाची निवड चाचणी दिली. नोकरी आणि खेळ दोन्ही मिळणार होतं. प्रतीक्षा यादीत दुसरं नाव आलं. सव्वा वर्ष मी पोस्टमनची वाट बघितली. कुणी कळवलं नाही की यादी रद्द झाली आहे, जागा भरल्या आहेत. नुसतं एक दिवस मी वाट बघणं सोडलं आणि बँकेची परीक्षा दिली. न मिळाल्याचं दुःख कधीच गेलं. ते सव्वा वर्ष मात्र अजून डोळ्यांपुढे येतं, कारण ते कधी संपणार हे माझ्या हातात नव्हतं.

म्हणून भाचा आला त्या पहिल्याच रात्री मी त्याला सरळ विचारलं, कधीपर्यंत? त्यानं क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "२०२७ चा ऑगस्ट. दोन छावण्या अजून. मग इंजिनिअर." त्यानं तारीख स्वतः ठरवली आहे, एवढं मला पुरलं. बहिणीलाही मी तेच सांगितलं, की तारीख त्याची त्याला राखू दे, तू रोज नवी देऊ नकोस.

कर्ट वॉर्नरची गोष्ट तिकडे प्रत्येक सोडलेल्या मुलाला सांगतात. नॉर्दर्न आयोवासारख्या कमी नावाजलेल्या कॉलेजातून आलेला, १९९४ मध्ये ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही, ग्रीन बेच्या छावणीतून सोडला, मग रात्री किराणा दुकानात फळ्यांवर माल लावायचं काम. तिथून बंदिस्त मैदानातला अरीना फुटबॉल, मग ॲमस्टरडॅमचा संघ, आणि १९९९ च्या मोसमात सेंट लुईस रॅम्सला सुपर बोल जिंकून देणारा, त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू. गोष्ट खरी आहे. पण मी भाच्याला ती कधी सांगितली नाही. त्या दुकानात फळ्या लावणाऱ्या इतर मुलांचं काय झालं ते त्या गोष्टीत येत नाही, आणि भाच्याला ते माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. वॉर्नरच्या गोष्टीतलं मला आवडतं ते एवढंच, की मधल्या वर्षांत तो मिळेल तिथे खेळत राहिला. भाच्याचा डोळाही आता अशाच ठिकाणी आहे. वसंतात यूएफएल नावाची ८ संघांची लीग होते, दोन जुन्या लीग एकत्र येऊन २०२४ पासून चालू झालेली. तिथे स्नॅपरच्या जागा आठ.

आता मैदानावरचं, जे सांगायला माझे हात शिवशिवताहेत.

कॉलेजच्या नियमात पंटच्या वेळी चेंडू सुटला की सगळ्यांनाच पुढे धावता येतं. स्नॅपरही चेंडू सोडतो आणि पळत सुटतो. एनएफएलमध्ये तसं नाही. चेंडूला लाथ बसेपर्यंत फक्त दोन टोकांचे गडी पुढे जाऊ शकतात, बाकीच्यांनी जागेवर राहून येणाऱ्याला अडवायचं. चार वर्षं ज्या पायांना पळायची सवय, त्यांनी आता चेंडू सोडल्या सोडल्या मागे सरकायचं आणि अंगावर येणारा गडी छातीवर घ्यायचा. चाचण्यांमध्ये त्याला हेच ऐकवायचे, "बसायला उशीर होतोय." का होतोय, ते कुणी सांगत नव्हतं.

चौथ्या दिवशी मी झेलायचं सोडून बाजूला बसले. कोपऱ्यात खेळणारीची नजर चढाई करणाऱ्याच्या चेहऱ्यावर नसते, टाचेवर असते. टाच खोटं बोलत नाही. त्याचे दहा चेंडू बघितले. सातदा चेंडू हातातून सुटायच्या आधीच उजवी टाच जमिनीवरून उचलली जात होती, बोटभर. पायाला अजून पळायचं होतं. टाच उचलली की वजन पुढे जायचं, मग ते मागे आणायला वेळ लागायचा, आणि चेंडूही थोडा उजवीकडे सरकायचा. माझा अंगठा दुखावला तो त्याच चेंडूंनी.

मी त्याच्या उजव्या टाचेखाली गवताची काडी ठेवली. "ही हलली तर मला दिसेल." मग तो चेंडू सोडायचा आणि मी बाजूनं उशी घेऊन त्याच्या डाव्या खांद्यावर धडक मारायचे. अठ्ठावन्नाव्या वर्षी मी जेवढी जोरात मारू शकते तेवढी. "आधी कंबर खाली, मग हात! छाती देऊ नकोस, छाती दिली की उचलला जाशील!" पकड शिकवताना आमच्या सरांनी मला जे शंभरदा ऐकवलं, तेच मी ओरडत होते. चालायला आलेले काका-काकू थांबून बघायचे. उत्तरायणानंतर दोन दिवस मैदानभर मांजा पडला होता, तो गोळा करून मगच सुरुवात करायचो, नाही तर पायात अडकून चामडी कापते. शेवटच्या आठवड्यात दहांत तीनदा टाच उचलत होता. शून्यावर आला असता तर मला आनंद झाला असता, पण तीन म्हणजे तीन.

वजनाबाबत मी बहिणीच्या बाजूनं आहे. त्या जागेला १०८-११० किलो लागतात, हा १०१ चा, आणि आणखी सात किलो नुसते खाऊन चढवायचे हे मला बघवत नाही. दिवसाला नऊ अंडी. आईच्या स्वयंपाकघरात अंडं चालत नाही म्हणून गॅलरीत वेगळी शेगडी मांडली होती. आई रोज गॅलरीच्या दारापर्यंत येऊन "झालं का रे तुझं?" विचारायची आणि वर ताटलीत लिलो चिवडा ठेवून जायची.

काल रात्री त्याचा फोन आला. एका वसंतातल्या संघानं टेक्सासला बोलावलंय, चार स्नॅपर आहेत. म्हणाला, "मावशी, तू टाचेचे व्हिडिओ काढले होतेस ना, सगळे पाठव. चांगले नको, सगळे." बसून मोजले, एक्केचाळीस निघाले. पाठवायला पाऊण तास लागला. शेवटच्यात मैदानातलं कुत्रं मध्येच आलंय, तो थांबून त्याला जाऊ देतो, मग परत वाकतो. त्या चेंडूला काडी हललेली नाही.